दगडावरचा आकडा आणि पाकिटावरचे नाव

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात, कारण तेथील घराघरांतून पिढ्यानपिढ्या माणसे सैन्यात जात आली आहेत. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारले. महाराष्ट्रातील इतर गावांतही त्या युद्धाचे दगड आढळतात. त्यांवरील मजकूर ठरावीक असतो. या गावातून महायुद्धासाठी इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यात सांगितलेले असते. आकडा असतो, नाव बहुधा नसते.

मग त्या माणसांची नावे कोठे होती? ती घरच्यांच्या ओठांवर होती आणि घरून रणांगणावर जाणाऱ्या पत्रांच्या पाकिटांवर होती. सैन्याच्या हिशेबात शिपाई म्हणजे एक क्रमांक. पत्र आले की तो पुन्हा कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाऊ होत असे. त्या पत्रांची आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या गाठोड्यांची कथा आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो.

दूर असलेल्या माणसाला घरून पत्र आणि चीजवस्तू पाठविण्याची रीत फार जुनी आहे. इंग्लंडच्या उत्तरेस विंडोलँडा येथील रोमन छावणीच्या उत्खननात १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडत आली आहेत. ती सुमारे १९०० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांपैकी एकात कोणीतरी छावणीतल्या माणसाला कळविले आहे, की पायमोजे, चपलांचे जोड आणि दोन अंतर्वस्त्रे पाठविली आहेत. साधारण त्याच शतकातले संत पौलांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. ते सैनिक नव्हते, बंदिवान होते. तरी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते त्रोवस येथे राहिलेला आपला झगा आणि पुस्तके मागवितात. एवढा मोठा प्रेषित, पण थंडी त्यालाही वाजत होती.

१९१४ साली युद्ध पेटले, तेव्हा हिंदुस्थानही त्यात ओढला गेला. युद्ध संपेपर्यंत लढणारे आणि बिनलढाऊ मिळून १३ लाखांवर हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. २६ सप्टेंबर १९१४ पासून हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेल्स बंदरात उतरू लागल्या. त्यांच्यासोबत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल या गावी त्या पायदळाप्रमाणे लढल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. इकडे ६ नोव्हेंबरला पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखातात फाओ येथे उतरली. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, ती मोहीम होती आणि मराठा पलटणींचा मोठा वाटा तिच्यात होता.

या माणसांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या घरीही तीच स्थिती होती. पत्र लिहायचे ते दुसऱ्याच्या हाताने आणि वाचायचे ते दुसऱ्याच्या तोंडून. छावणीत कोणी साक्षर शिपाई, गावी शाळामास्तर किंवा पोस्टमन हे काम करी. नवऱ्याने बायकोसाठी सांगितलेला शब्द आधी लेखनिकाच्या कानावर पडे, मग सरकारच्या डोळ्यांखालून जाई आणि शेवटी ओसरीवर जमलेल्या चार माणसांसमोर वाचला जाई. अशा पत्रात मनातले किती येणार? तरीही माणसे लिहीत राहिली. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील हिंदी शिपाई आठवड्याला १० ते २० हजार पत्रे लिहीत होते.

सरकारने या पत्रांवर नजर ठेवण्यासाठी फ्रान्समध्ये स्वतंत्र कचेरी उघडली. इव्हलिन हॉवेल नावाचे अधिकारी तिचे प्रमुख होते. शिपायांना हे ठाऊक होते. म्हणून ते आडवळणाने लिहीत. काळी मिरी संपत आली, आता तांबडी मिरची वापरतात, असे कोणी गावी कळविले, तर त्याचा अर्थ काळे शिपाई पुष्कळ पडले, आता गोऱ्यांना पुढे आणतात, असा होई. दैवाची गंमत अशी, की मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. पण या कचेरीने इंग्रजीत उतरवून अहवालांना जोडलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. ज्या पहाऱ्याने त्या माणसांची खाजगी बोली ऐकली, त्याच्याच दप्तरात ती टिकली. मात्र ती त्यांच्या मायबोलीत टिकली नाही.

पत्रांबरोबर भेटींची गाठोडीही जात. १९१४ च्या नाताळासाठी इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने निधी उभारण्यात आला आणि सैनिकांना पितळी डब्या भेट देण्यात आल्या. त्यांत काय घालावे याचा बारकाईने विचार झाला होता. गुरख्यांना इंग्रज शिपायांप्रमाणेच तंबाखू. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणाऱ्या पखालजींना नुसती मसाल्याची डबी. लंडनमध्ये ऑक्टोबर १९१४ मध्ये स्थापन झालेला हिंदी सैनिकांचा निधी गरम कपडे, मिठाई, तंबाखू, मसाले आणि ज्याच्या त्याच्या धर्माचे ग्रंथ पुरवीत असे. मुंबईत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या शाखेने शिपायांसाठी कपडे व इतर जिनसा जमविल्या. या कामातील आस्था खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परदेशच्या चिखलात मसाल्याचा वास आलेल्या माणसाला क्षणभर घर आठवले असेलच. पण हा हिशेब जातीजमातींचा होता, पलटणींचा होता. डबी ‘शिखाला’ मिळत होती. अमक्याच्या मुलाला नव्हे.

घरून येणाऱ्या पुड्यात मात्र त्या एका माणसाच्या गरजेची वस्तू असे. कधी ती वस्तू पाहून मन विषण्ण होते. काही शिपाई घरी लिहून बिब्बा मागवीत. आपल्याकडे बिब्बा सर्वांना ठाऊक आहे. त्याचे तेल अंगाला लागले की कातडी उतते, फोड येतात. त्या फोडांच्या जोरावर इस्पितळात जावे आणि काही दिवस तरी खंदकातून सुटावे, हा हेतू. सेन्सॉरच्या लक्षात ते आले. या कृत्याला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. परंतु मुलाचे असे मागणे ऐकून एखाद्या आईने पुडी बांधली असेल, तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, याचा विचार केला की निवाडा देण्याची घाई राहत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग पत्रच न पोहोचण्याचा. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांचे सैन्य तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी वेढले गेले. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा घटत गेला. घोड्याचे मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपायांचे मन धजेना. भाजीपाल्याअभावी त्यांच्यात स्कर्व्हीचा रोग पसरला. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पिठाची व साखरेची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढलेल्या सैन्याला आकाशातून अन्न पुरविण्याचा इतिहासातला हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. धान्य दळण्यासाठी जात्याचे दगड, मासे धरण्यासाठी जाळी आणि थोडी टपालही अशीच टाकण्यात आली. काही पोती नदीत पडली, काही शत्रूच्या हाती गेली. २९ एप्रिलला सैन्य शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी होती.

कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालविण्यात आले. पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर लावले. वाटेत आणि छावण्यांत तापाने, अतिसाराने, उपासमारीने माणसे गेली. प्रथम अमेरिकन आणि नंतर डच वकिलातीमार्फत काही पैसे व कपडे त्यांच्यापर्यंत पोहोचत. पण गरजेच्या मानाने ते अपुरे होते. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या खेड्यात वाट पाहणाऱ्या घराला यातले काय कळत असेल? मनिऑर्डर थांबली, पत्र थांबले, एवढेच.

या कैद्यांत कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली लष्करी डॉक्टर होते. मेसोपोटेमियातून ते आईला पत्रे लिहीत. १९१७ मध्ये ते रास-अल-ऐन येथेच वारले. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी उतारवयात लेखणी हाती घेतली आणि नातवाची पत्रे गुंफून त्याचे बंगाली चरित्र लिहिले. ‘कल्याण-प्रदीप’ हे ते पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले. म्हाताऱ्या आजीने नातवाचे नाव विझू दिले नाही. आमच्या कोकणातल्या आणि देशावरच्या आज्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची दुःखे त्यांच्याबरोबरच गेली.

जर्मनीत वुन्सडॉर्फ येथील छावणीत तेथील संशोधकांनी कैद्यांच्या भाषा ध्वनिमुद्रित केल्या. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल सिंग नावाच्या शिपायाने यंत्रासमोर आपलीच हकिगत परक्याची असल्यासारखी सांगितली. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात असे, युद्धात आला, जर्मनांनी पकडला, त्याला घरी जायचे आहे, असा तिचा आशय आहे. ती तबकडी बर्लिनमध्ये जपून ठेवलेली आहे. कोणत्याही टपालपेटीत न पडलेले हे एक पत्रच होय.

या अंधारात नावे जपण्याचे काम काहींनी केले. जिनिव्हात रेडक्रॉसने ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धकैद्यांसाठी कचेरी उघडली. तेथे स्वयंसेवकांनी सुमारे ७० लाख कार्डे तयार केली. त्यांच्यावर कैद्यांची नावे होती. प्रसिद्ध फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनीही तेथे सेवा केली. या कचेरीतून सुमारे २ कोटी पत्रे व निरोप आणि १९ लाखांच्या आसपास पार्सले पुढे गेली. त्याच सप्टेंबरात पोपपदी आलेले पंधरावे बेनेडिक्ट यांनी नाताळपुरते तरी युद्ध थांबवावे असे डिसेंबरात आवाहन केले. राष्ट्रांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांनी हाती उरलेल्या कामाला वाहून घेतले. व्हॅटिकनमध्ये, जर्मनीत पाडरबॉर्नला आणि स्वित्झर्लंडमध्ये हरवलेल्यांचा व कैद्यांचा शोध घेणाऱ्या कचेऱ्या चालल्या. धर्म कोणता, बाजू कोणती, हा प्रश्न तेथे गौण होता. युद्ध थांबविता आले नाही, म्हणून निदान आईच्या पत्राला उत्तर मिळावे, ही त्यामागील दृष्टी. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे शुभवर्तमानातील सत्य येथे टपालाच्या रूपाने उतरले, असे आम्हांस वाटते.

युद्धानंतर १९२९ साली बसरा येथे मोठे स्मारक झाले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांचे ते स्मरण आहे. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. पण साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या देण्यात आली. ज्यांच्यात मराठा पलटणींचे शिपाईही होते, त्यांच्या वाट्याला येथेही आकडाच आला. हा भेदभाव झाला हे युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने एप्रिल २०२१ मधील अहवालात मान्य केले आणि क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतर का होईना, नाव नसणे हा अन्याय आहे हे कबूल झाले.

हिंदी सैन्याचे फील्ड पोस्ट ऑफिस १८५६ च्या इराण मोहिमेपासून सुरू झाले. १९७२ पासून सैन्याचे स्वतंत्र टपाल दलही आहे. ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढा पत्ता लिहिला की पत्र सीमेवर पोहोचते; तुकडी कोठे आहे हे लिहावे लागत नाही. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण मात्र लिहावी लागते. १९९९ च्या कारगिल युद्धात शाळकरी मुलांनी अनोळखी जवानांना पत्रे व राख्या पाठविल्या. ती भावना चांगलीच आहे. पण ‘वीर जवानास’ असे लिहिलेल्या पत्रापेक्षा नाव घालून लिहिलेले चार ओळींचे पत्र अधिक मोलाचे, हे वरील इतिहासावरून आपल्याला उमगेल.

आज दूरध्वनी हातोहाती आहे, तरी उंच चौक्यांवर तो सदैव लागतोच असे नाही. आणि आवाज उशीखाली ठेवता येत नाही, पत्र ठेवता येते. आपल्या धर्मग्रामांतील कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी सैन्यात वा नौदलात आहे, याची यादी चर्चमध्ये असावी. नाताळापूर्वी त्यांना कुटुंबाकुटुंबांतून पत्र जावे, सोबत टिकेल असा खाऊ जावा. ज्यांच्या घरी पत्र लिहिणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी लिहावे. आणि मिस्साबलिदानात ‘आपल्या जवानांसाठी’ प्रार्थना करताना त्यांची नावे एकेक करून घ्यावीत.