पहिल्या पुरात चढणारे मासे गाभोळी घेऊनच का येतात?

दुबलगुंडी (ता. हुमनाबाद, जि. बिदर) : मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले, ओढ्याला गढूळ पाणी आलं की सांडव्याखाली पोरं-बाप्ये जाळी, पाट्या, जुन्या मच्छरदाण्या घेऊन उभे राहतात. तलावातले बोटभर मासे धारेच्या उलट वर चढत असतात. हेच चढणीचे मासे. बिदर जिल्ह्याचं काही पाणी कारंजा-मांजरातून गोदावरीला जातं, काही मुल्लामारीतून भीमेला नि पुढे कृष्णेला. पण ही चढण दोन्हीकडे सारखीच. मासा चिरला की पोटात गाभोळी.

मासा पंचांग बघत नाही. दिवस मोठा होतो, पाणी तापतं, ते त्याच्या मेंदूला कळतं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून संप्रेरकं सुटतात आणि उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी भरायला लागतात. अंड्यातला बलक बनवण्याचा माल यकृतात तयार होऊन रक्तातून अंडाशयात जातो. मे अखेर अंडी तयार असतात, पण मादी ती सोडत नाही. शेवटचा इशारा पावसाचा लागतो: पाणी गार होणं, चढणं, वाहायला लागणं. नव्या पाण्याखाली गवत बुडतं, अंडी त्याला चिकटतात, पिल्लांना बारीक खाद्य मिळतं.

पाऊस फार लांबला तर? तयार अंडी आतल्या आत जिरतात. आपल्या दुष्काळी पट्ट्यात हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मात्र बरेच छोटे मासे सगळी अंडी एकदम न सोडता हप्त्या-हप्त्यानं सोडतात, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात पाणी आलं तरी थोडी भरपाई होते.

अभ्यासक मादीच्या वजनात अंडाशयाचं वजन किती टक्के, हे मोजतात. हिवाळ्यात ते अगदी थोडं असतं. पावसाच्या तोंडावर खवलीसारख्या माशात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे १० ग्रॅमच्या मादीत दीड ग्रॅमपर्यंत अंडी, आणि एकेक अंडं मिलिमीटरभराचंही नाही. आम्ही कॉमर्सवाले, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. किलोभर चढणीत असे १०० मासे, त्यात निम्म्या माद्या, मादीमागे दोनच हजार अंडी धरली तरी लाखभर अंडी एका कालवणात गेली. त्यातली बहुतेक कुणाच्या तरी तोंडी जाणारच होती, हे खरं. पण तलावात रोहू, कटल्याचं बीज बाहेरून आणून सोडतात. खवलीचं बीज कुणी आणत नाही. तिचं बी तिच्याच पोटात. शिवाय काट्यासकट खाल्ला जाणारा हा छोटा मासा गरिबाच्या ताटातला कॅल्शियमचा स्वस्त आधार. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ओढ्यावर पहारा कोण देणार?

रोहू, कटल्याची गोष्ट वेगळी. किलोमागे लाखावर अंडी, पण साठलेल्या तळ्यात मादी ती सोडत नाही. तिला पुराची नदी लागते. म्हणून पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचाच.

आरोग्य खातं डासांसाठी हौदात, विहिरीत सोडतं ते गप्पी मासे या सगळ्याला अपवाद. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, साधारण महिन्याला एक वेत.

मरळ आणखी निराळी. तेलंगणानं तिला राज्यमासा केलंय. जहीराबादकडे तिला कोरमीनू म्हणतात. ती पाणवनस्पतीत गोल जागा साफ करते, पिवळी अंडी तिथं तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात. नंतर तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसतो आणि खाली आई-बाप राखणीला असतात. गळ टाकणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणूनच ते पुंजक्याशेजारी गळ टाकतात. मोठी मरळ हाती लागते आणि पिल्लं उघड्यावर पडतात.