४ सप्टेंबर ४७६ : रोमचा शेवटचा ‘छोटा’ सम्राट

इटलीतल्या राव्हेन्ना शहरात या दिवशी रोम्युलस ऑगस्टस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवण्यात आले. रोम वसवणाऱ्याचे नाव आणि पहिल्या सम्राटाची पदवी, दोन्ही एकाच मुलाच्या खांद्यावर! लोक मात्र त्याला ‘ऑगस्टुलस’, म्हणजे ‘छोटा ऑगस्टस’ म्हणत. खरा कारभार त्याचा बाप, सेनापती ओरेस्टीस पाहत असे.

भांडण जमिनीचे होते. भाडोत्री जर्मानिक सैनिकांनी इटलीतील एक तृतीयांश जमीन मागितली, ओरेस्टीसने नकार दिला. ओडोअ‍ॅसरच्या नेतृत्वाखाली बंड झाले आणि २८ ऑगस्टला ओरेस्टीस मारला गेला. पगाराला पैसा तरी कुठून आणणार? धान्य आणि कर पुरवणारा उत्तर आफ्रिकेचा प्रांत व्हँडल टोळ्यांनी ४३९ मध्ये कार्थेज घेतले तेव्हाच हातचा गेला होता.

पोराचे कोवळे वय आणि देखणे रूप पाहून ओडोअ‍ॅसरने त्याला जीवदान दिले, वर ६,००० सोन्याच्या नाण्यांचे वेतन बांधून कांपानियाला धाडले. राजवस्त्रे आणि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला पूर्वेच्या सम्राट झेनोकडे रवाना झाली: पश्चिमेला आता वेगळा सम्राट नको, असा निरोप.

इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने सुरू केलेली सम्राटशाही पश्चिमेत इथे संपली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण कागदोपत्री सम्राट असलेला ज्युलियस नेपोस ४८० पर्यंत डाल्मेशियात होता. पूर्वेचे रोमन साम्राज्य तर १४५३ पर्यंत टिकले.