विनोद संकासुराचा, देव सरळ

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी काला पाहिलेल्यांना संकासुर नक्की आठवत असेल. तो भटजीशी हुज्जत घालतो, लोकांना पोट धरून हसवतो. मग विष्णू येतो. तोही गावातलाच कुणीतरी, तोंडाला रंग लावलेला. पण त्याला कुणी हसत नाही, कारण तो स्वतः आपल्या सोंगाला हसत नाही.

सुपरमॅनला पडद्यावर आणताना हॉलिवूडला हीच गोष्ट शिकावी लागली.

जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांचा हा नायक १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. निळा घट्ट पोशाख, वर लाल चड्डी, पाठीवर लाल झूल. कागदावर हे शोभतं. हाडामांसाच्या माणसाच्या अंगावर चढलं की हसू येतं. १९६६च्या ‘बॅटमॅन’ मालिकेने तर हे हसूच भांडवल केलं. मारामारी चालू असताना ठोशांचे आवाज मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटत. नायक ॲडम वेस्ट चेहरा गंभीर ठेवी, आणि तो गंभीरपणाच विनोद ठरे. मालिका गाजली. पण कॉमिक्स म्हणजे टवाळीचा विषय, ही समजूतही तिने पक्की केली.

रिचर्ड डॉनर दिग्दर्शक म्हणून आला तेव्हा ‘सुपरमॅन’ची पटकथा त्याच वाटेने चालली होती. सुपरमॅन एका टकलू माणसाला लूथर समजून पकडतो आणि तो निघतो टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कोजॅक, असला प्रसंग तिच्यात होता. डॉनरने टॉम मॅन्कीविच या लेखकाला बोलावून ती नव्याने लिहवून घेतली. त्याचा मंत्र एकच होता: सत्याभास. माणूस उडतो, हे पटलंच पाहिजे.

१९७८च्या त्या चित्रपटात विनोद नाही असं मुळीच नाही. जीन हॅकमनचा लूथर आणि त्याचा बावळट साथीदार हे त्यातले संकासुर. पण ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन सरळ आहे. लोइसच्या घरी क्लार्क चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो. क्षणभर देव दिसतो. मग धीर सुटतो आणि खांदे पुन्हा पडतात. ट्रिक फोटोग्राफी नाही, नुसता नट.

ही शिस्त टिकली नाही. निर्मात्यांशी बिनसल्यामुळे दुसऱ्या भागाचं काम चालू असतानाच डॉनरला काढलं गेलं. १९८३च्या तिसऱ्या भागात रिचर्ड प्रायरसारखा विनोदवीर आला आणि थट्टा थेट गाभाऱ्यात शिरली. बॅटमॅनचंही तसंच झालं. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’चं इतकं हसं झालं की पुढचा बॅटमॅनपट यायला २००५ उजाडलं.

पुढे काहींनी यावर उपाय म्हणून नायकाला सदा काळवंडलेला, आठ्या घातलेला दाखवलं. तोही नेम चुकलाच. देव सरळ असावा म्हणजे सुतकी असावा असं नव्हे. रीव्ह तर हसतो, अगदी मोकळं हसतो. फक्त स्वतःच्या सोंगाला हसत नाही.