सिद्धेश्वरची रेषा

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. याच जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. ते सिंचनाचे साधन तर आहेच. शिवाय दोन राज्यांच्या पाणीवाटपातली ती एक सीमारेषा आहे. विशेष म्हणजे ही रेषा न्यायाधीशांनी आखली नाही. ती राज्यांनी आपसांत ठरवली.

गोदावरीच्या पाण्याचा तंटा सोडवण्यासाठी केंद्राने १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. पाच राज्ये त्यापुढे उभी होती. सुनावणी चालू असतानाच, ६ ऑक्टोबर १९७५ रोजी, महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी करार केला. गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा पाळावी. करार करण्याची सक्ती कोणावर नव्हती. १९८० च्या निवाड्यात लवादाने राज्यांचे हे आपसांतले करारच स्वीकारले.

अशा करारांनी भांडण संपत नाही, पण भांडणाची भाषा बदलते. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा दोन्ही बाजू १९७५ च्याच कराराचा अर्थ लावत होत्या. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा टिकला, पण साठा २.७४ टीएमसीपुरता राहिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे ठरले. स्वेच्छेने दिलेला शब्द अशा रीतीने सरकारच्या वार्षिक कामाचा भाग झाला.

मात्र कराराची एक बाजू मराठवाड्याला जिव्हारी लागणारी आहे. पैठणपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राचे, एवढेच त्यात ठरले. ते नाशिक-नगरची धरणे आणि जायकवाडी यांत कसे वाटायचे, याबद्दल तो गप्प आहे. त्यासाठी २००५ चा कायदा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि उच्च न्यायालयाची पायरी लागली. शेजारच्या राज्याशी समजुतीने हिशेब मिटवणाऱ्या सरकारला स्वतःच्या घरातली वाटणी मात्र कायद्याच्या बडग्याशिवाय साधली नाही.