शेवटची गाडी आणि नाटकाचा पडदा

मराठी प्रेक्षक एके काळीं नाटकाला जाई तो रात्रभराच्या तयारीनेंच. कोंकणांतील दशावतारी खेळ रात्रीं उभा राही आणि पहांटे दहिकाल्यानें संपे. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. त्यानंतर भरभराटीस आलेल्या संगीत नाटकानेंही जागरणाचा हा वारसा चालविला. पद आवडलें कीं प्रेक्षक 'वन्स मोअर'चा पुकारा करीत आणि तेंच पद नव्या तानांनीं पुन्हां रंगे. बालगंधर्वांच्या काळांत नाटक किती लांबावें, हें घड्याळापेक्षां समोरची रसिक मंडळीच ठरवीत.

मुंबईच्या उपनगरांतील प्रेक्षकाला मात्र ही चैन परवडेना. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९२८ सालीं पश्चिमेच्या मार्गावर ती बोरिवलीपर्यंत पोहोंचली. अंधेरी-बोरिवलीस किंवा घाटकोपर-मुलुंडास बिऱ्हाड आणि कोटांत कचेरी, असा संसार वाढूं लागला. मोठीं नाटकगृहें मात्र शहरांतच होतीं. शेवटची गाडी चुकली तर पहांटेपर्यंत फलाटावर बसणें आलें आणि सकाळीं कचेरीचा हजेरीपट कोणासाठीं थांबत नसे. गायक आलापींत रमे, तेव्हां अशा माणसाचें अर्धें चित्त स्टेशनाकडे लागलेलें असे.

त्यांतच १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि ठराविक वेळांत संपणाऱ्या करमणुकीची लोकांस गोडी लागली. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक मुंबईंत केलें. पदें मोजकीं, संवाद घरगुती आणि प्रयोग आटोपशीर! पुढें मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनानें हीच वाट रूढ केली. हा सर्व पालट केवळ आगगाडीनें घडविला असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. पाश्चात्त्य नाट्यतंत्राचाही त्यांत मोठा वाटा होता. परंतु दूर राहणाऱ्या नोकरदारास व मुलांबाळांच्या आईस नाटक पाहून वेळेवर घरीं परतणें त्यामुळें सुकर झालें, हा लाभ लहान नव्हे.

हानिही झालीच. पद पुन्हां मागण्याचा प्रेक्षकाचा हक्क हळूहळू मावळला आणि गायकाचा ऐसपैसपणा आंखडला.

पुढें मुलुंडास कालिदास, पार्ल्यास दीनानाथ मंगेशकर व बोरिवलीस प्रबोधनकार ठाकरे हीं नाट्यगृहें उभीं राहिलीं. नाटक घराजवळ आलें आणि शेवटच्या गाडीची धास्ती पुष्कळांपुरती सरली. तथापि रात्रभराचें नाटक परत आलें नाहीं. कारण गेलें, पण संवय मागें राहिली.