आबांची फार्गो आणि आजीच्या पाटल्या

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाची श्रद्धा दोनच गोष्टींवर उरते. एक सही आणि दुसरा नंबर. ट्रकला कर्ज दिलं की आम्ही त्याचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर रजिस्टरात उतरवून घेतो. आमच्या लेखी ट्रक म्हणजे हे दोन नंबर. बाकीचं लोखंड कर्जदाराने हौसेने जोडलेलं असतं. म्हणून चिखलीच्या घरचा माळा आवरताना आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, फार्गोचं आर. सी. बुक हाती आलं आणि त्यात इंजिन नंबर तांबड्या शाईने खोडलेला, 'पेट्रोल'वर काट मारून 'डिझेल' केलेलं दिसलं, तेव्हा माझ्यातला क्लार्क आधी दचकला. नातू मागाहून.

फार्गो हे नाव आजच्या पोरांना चष्म्याच्या दुकानाचं वाटेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. त्यांतली मालमोटार म्हणजे ही फार्गो. आमची पेट्रोलवरची होती. तोंड चिडलेल्या हेडमास्तरासारखं, आवाज मात्र मऊ. आबा जाताना कापूस घेऊन मलकापूरला उतरत आणि येताना स्टेशनातून सिमेंट किंवा खत भरून राजूरचा घाट चढत. हलका माल उताराला आणि जड माल चढाला, हा हिशेब ज्या कोणी आखला तो बी.कॉम. नसावा.

डिझेलचे ट्रक तेव्हा नवे नव्हते. टाटांनी १९५४ सालीच डेमलर-बेंझशी हात मिळवून जमशेदपुरात ते सुरू केले होते. पण आबांना तो आवाज सोसत नसे. "ट्रक हाय का जात्याचं मशीन?" असं ते म्हणत. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या पुढे गेलं. सुएझच्या काठी तोफ उडाली आणि चिखलीत आबांचं घर हादरलं. पेट्रोल पिणारी फार्गो भाडं आणी, ते पंपावरच ठेवून येई. तिला गिऱ्हाईक मिळेना आणि नवा ट्रक घ्यायची ऐपत नव्हती.

मिस्त्रींनी तोड काढली. इंग्लंडातल्या पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचं 'पी-सिक्स' हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १९३७ पासूनचं. पेट्रोलच्या ट्रकांतून जुनं काढून हे बसवायचं, असा उद्योग तिकडेही पुष्कळ झाला. आपल्याकडे मद्रासचे सिम्प्सन ते बनवत आणि खुद्द प्रीमियरवालेही फार्गोत घालत. म्हणजे एखाद्या अपघातातल्या डिझेल फार्गोचं काळीज आपल्या फार्गोत बसण्यासारखं होतं. तसं एक मिळालं. पैशासाठी आजीच्या चार पाटल्या सावकाराकडे गेल्या. आजी काही बोलली नाही. आमच्या घरात ही फार गंभीर बाब समजली जाते.

आठ दिवस काम चाललं. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे; त्यांच्याकडे पाना देण्याचं आणि शिव्या घेण्याचं खातं होतं. इंजिनाचं फाउंडेशन नव्याने बसवलं. वजन वाढलं म्हणून पुढच्या कमानींत एकेक पाटा जास्त घातला. बॅटरी मोठी आली. कार्ब्युरेटर, प्लग, डिस्ट्रिब्युटर सगळे बाद. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लावावी लागते. डिझेलमध्ये नुसती हवा दाबायची, सोळा पट किंवा त्याहूनही जास्त. ती इतकी तापते की वर तेलाचा फवारा पडताच भडका उडतो. दाबलं की पेटणं हा स्वभाव मी आमच्या युनियनमध्ये पाहिला आहे.

गोम त्या फवाऱ्यात आहे. रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी १८९७ साली ऑग्सबर्गला इंजिन चालवून दाखवलं, पण तेल आत ढकलायला त्यांना दाबलेल्या हवेचं वेगळं यंत्र लागे. ते धूड ट्रकात कुठलं मावायला? बिचारे १९१३ साली बोटीने इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसे झाले. ट्रकाजोगा पंप बॉशने १९२७ साली कारखान्यातून काढला आणि १९५१ साली निघालेल्या बंगलोरच्या मायकोमुळे तो आपल्या मिस्त्र्यांच्या हाती आला. त्यातून प्रत्येक सिलिंडरला वेगळी बारीक नळी जाते. नेमक्या क्षणी, नेमके थेंब. आमच्या कॅशियरने त्या पंपाकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

पण आबांची सवय पेट्रोलची. टाकी कोरडी झाली की कॅन ओतायचा आणि निघायचं. पहिल्याच आठवड्यात, सिमेंट भरलेलं, आभाळ आलेलं, राजूरच्या घाटात डिझेल संपलं. आबांनी कॅन ओतला. इंजिन ढिम्म! नळ्यांत हवा शिरली होती. डिझेलला ती चालत नाही. स्क्रू सैल करून, हाताने पंप मारत, बुडबुडे संपेपर्यंत ती काढावी लागते. हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं, पण बाबांनी मिस्त्रींना करताना पाहिलं होतं. बॅटरीच्या उजेडात तासभर पोराने एअर काढली आणि बाप ताडपत्री धरून उभा राहिला. गाडी चालू झाली तेव्हा आबा म्हणाले, "उद्यापासून शाळा सुटल्यावर गाडीवर येत जाय." मार्कांबद्दल त्यांनी बाबांचं कधी एवढं कौतुक केलं नव्हतं.

कचेरीत बदल नोंदवायला तीन खेपा झाल्या. १९३९ च्या मोटार कायद्यात तशी तरतूद होती, तिथल्या साहेबांना ती हळूहळू आठवली. आज कार्ब्युरेटर इतिहासजमा झाला, पेट्रोललाही फवारा आला, आणि २०२० च्या बी.एस.-सहापासून तर इंजिनाला मेंदू आहे. त्याला आमचे मिस्त्री हात लावायचे नाहीत.

पाटल्या सुटायला पावणेदोन वर्षं लागली. त्याही दोनच सुटल्या. राहिलेल्या दोघींबद्दल आजी अखेरपर्यंत बोलली नाही, फक्त संध्याकाळी घाटाकडून फार्गोची घरघर आली की स्वयंपाकघरातून म्हणायची, "आल्या बघा माह्या पाटल्या. पाणी तापत ठेवा."