भाऊबंदकी आणि बंधारा

आपल्या भाषेतील 'भाऊबंदकी' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. घडणीवरून पाहता त्याचा अर्थ भावाभावांतील नाते एवढाच व्हावयास हवा होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यास जो अर्थ चिकटला तो वाटणीच्या तंट्याचा. माणसे नात्याने जवळची असली म्हणजे द्रव्याच्या व्यवहारातही एकमेकांस सांभाळून घेतात, ही समजूत सर्वत्र आढळते. तिला या एका शब्दाने आपल्या पूर्वजांनी उत्तर देऊन ठेविले आहे. मग जवळच्या माणसांतील आर्थिक सहकार्य टिकते तरी कशाने? या प्रश्नाचा उलगडा करण्यास खानदेशाइतका सोयीचा प्रांत आम्हांस दुसरा दिसत नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांच्या काठी गेली कित्येक शतके फडाची पद्धत चालत आली आहे. फड म्हटले की वाचकांस तमाशा किंवा कुस्ती आठवेल. येथे मात्र फड म्हणजे पाटाखालील जमिनीचा एक सलग पट्टा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे बहुधा तीन-चार फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. एकात ऊस असला तर दुसऱ्यात धान्य, आणि पुढे क्रमाने पालट. शेतकऱ्याची जमीन साधारणतः प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे ज्या वर्षी एखाद्या फडास पाणी पुरणार नसेल, त्या वर्षी नुकसान कोणा एकाचे न होता सर्वांच्या वाट्यास सारखे येते.

या व्यवस्थेतील खरे मर्म आम्हांस असे वाटते की, ती कोणाच्याही सौजन्यावर अवलंबून राहत नाही. शेताला पाणी शेतकरी स्वतः देत नाही. सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी देतो. पीक राखावयास जागल्या असतो. या सेवकांस मोबदला सर्वांच्या पिकातून धान्यरूपाने मिळतो. सबब ते कोणा एकाचे मिंधे नसतात. पाटातील गाळ काढण्याचे काम सर्वांचे. कोण आला, कोण आला नाही, हे उघड्या रानात सर्वांस दिसते. स्पेनमधील व्हॅलेन्शिया नगरात पाण्याचे तंटे दर गुरुवारी मंदिराच्या दाराशी, बागाइतदारांनीच निवडलेल्या पंचांपुढे, तोंडी चालतात. तेथेही तत्त्व हेच. विश्वास हा येथे आरंभीचे भांडवल नसून नियमाने वागल्याचे व्याज होय.

१८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत शिरलेले तरुण विश्वेश्वरय्या यांनी प्रारंभीच्या दिवसांत याच पांझरेवर दातर्ती येथे नळाचे काम केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी गटपद्धती सुचविली, तिचे फडाशी असलेले साम्य कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. १९०४ साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. एका गावचे, किंवा निबंधकाच्या संमतीने एका जातीचे वा वर्गाचे, दहा इसम एकत्र आले की संस्था व्हावी, आणि खेड्यांत प्रत्येकाने सर्वांच्या कर्जास अमर्याद जबाबदार राहावे, अशी त्याची योजना. म्हणजे कायद्याने जवळीक हीच तारण मानिली. मुंबईत १९०६ साली तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी काढलेली शामराव विठ्ठल बँक याच धोरणाने निघाली आणि भरभराटली. परंतु तेथील सभासद बहुतेक नोकरदार. पगार ठरलेला, हप्ता ठरलेला, हिशेब चोख. खेड्यात यांतले काय होते? पावसावर हवाला, आणि वसुलीस जावयाचे ते व्याह्याच्या किंवा चुलत्याच्या दारी! मुरवत आड आली. १९५४ साली गोरवाला समितीने अहवाल दिला तेव्हा दिसून आले की, १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला भाग शेकडा ३ च्या आसपास होता, आणि सावकारांचा सुमारे ७०.

जळगावकडची गोष्ट याहून बोलकी आहे. यावल-रावेर भागातील केळीचे मळे प्रसिद्धच आहेत. तेथील शेतकरी उद्योगी; गावोगाव सोयरिकीचे जाळे दाट. लग्नाच्या मांडवात एकमेकांच्या शब्दाबाहेर नसलेली ही मंडळी पाण्याच्या बाबतीत मात्र अलग राहिली. कारण उघड आहे. विजेचा पंप आला, ज्याची त्याची विहीर झाली, आणि जमिनीखालच्या पाण्याला ना पाटकरी ना पाळी. एकाने खोल बोअर घेतला की शेजाऱ्याने त्याहून खोल घ्यावा. आज त्या भागातील भूजल अतिउपशाने खालावले आहे. जी सोयरीक मांडवात पुरली, ती विहिरीच्या तळाशी पोहोचली नाही.

तथापि फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याची जमीन पाटाखाली नाही त्यास त्या पाण्यात वाटा नाही. मजूर आणि सालदार यांच्या कष्टांवर पीक उभे राही. पाण्याच्या निर्णयात त्यांचा शब्द नसे. जवळच्यांची एकी ही पुष्कळदा दूर ठेविलेल्यांच्या खर्चानेच होत असते.

पांझरेकाठीही विहिरी आणि वरच्या बाजूची धरणे यांमुळे फड क्षीण झाले. काही अद्याप चालतात. २००५ साली राज्याने पाणीवापर संस्थांचा कायदा करून शेतकऱ्यांच्या हाती पुन्हा कालव्याचा कारभार देऊ केला. तो यशस्वी होईल काय? आमचे उत्तर असे की, सभासद एकमेकांचे कोण लागतात हे पाहून ते ठरणार नाही. पाण्याचे माप सर्वांस दिसते काय, टंचाईचा भार सर्वांवर सारखा पडतो काय, आणि पाटकरी कोणाचाही मिंधा नाही काय, या तीन गोष्टींवर ते ठरेल. त्या साधल्या तर परकेही जवळ येतील. न साधल्या तर भाऊही भाऊबंद होतील.